इलेक्ट्रॉनिक बेस पेडलबोर्डाच्या पेडलांची चाल: जुळवणी आणि देखभाल

वसईचा_वादक

नमस्कार मंडळी,

आमच्या चर्चच्या गायनवृंदात मी कीबोर्ड वाजवतो आणि पायाखाली तेरा पेडलांचा, म्हणजे सी ते सी अशा एका सप्तकाचा, मिडी (वाद्यांमध्ये सुरांचे संदेश पाठवण्याची पद्धत) पेडलबोर्ड असतो. आमच्याकडे बेस गिटार वाजवणारे कोणी नसल्यामुळे मराठी मिस्सेतल्या (चर्चमधल्या प्रार्थनाविधीतल्या) सगळ्या गीतांचा खर्ज या पेडलबोर्डावरच अवलंबून आहे. यंदाच्या पावसाळ्यानंतर त्याच्या चालीत, म्हणजे पेडलांच्या खालीवर होण्यात, काही दोष जाणवू लागले आहेत.

एफचे पेडल सोडले की सूर थांबतो आणि लगेच एक तुटक सूर पुन्हा उमटतो. उजव्या टोकाकडची पेडले, म्हणजे ए, बी फ्लॅट, बी आणि वरचा सी, पूर्वीपेक्षा बरीच खोल दाबल्याशिवाय वाजत नाहीत. डी शार्प वाजतो वेळेवर, पण वर यायला रेंगाळतो, आणि त्यामुळे त्याचा सूर पुढच्या सुरावर चढतो. शिवाय सगळीच पेडले खडखडतात आणि शांत गीताच्या वेळी तो आवाज माइकमध्ये स्पष्ट येतो.

आतली रचना मी उघडून पाहिली आहे. प्रत्येक पेडल मागच्या बाजूला, खोक्याच्या आत, एका चपट्या पोलादी पट्टीवर बसवलेले आहे. बिजागरी आणि स्प्रिंग ही दोन्ही कामे तीच पट्टी करते. पेडल खोक्याबाहेर येते तिथे फेल्ट (दाबून बनवलेले जाड कापड) लावलेली खाच आहे आणि खाचेच्या वर व खाली फेल्टचेच थांबे आहेत. पेडलच्या पोटाखाली, साधारण लांबीच्या मध्यावर, चुंबक बसवलेला असून त्याच्यासमोर सर्किट बोर्डावर काचेच्या नळीतला रीड स्विच आहे. चुंबक जवळ आला की नळीतली दोन पाती जुळतात आणि सूर लागतो.

जवळच्या एका दुरुस्तीवाल्याने पूर्ण सर्किट बोर्डच बदलण्याचा सल्ला दिला आहे. तो खर्च करण्याआधी जाणकारांचे मत हवे आहे.

सर्किट_पुणे

नमस्कार. बोर्ड बदलू नका. आपण सांगितलेल्या चार तक्रारींपैकी एकही बोर्ड बिघडल्याची खूण नाही. बोर्डातला किंवा मिडीचा बिघाड असता तर एखादे पेडल अजिबात वाजले नसते, एक दाबल्यावर दोन सूर आले असते किंवा सूर अडकून राहिला असता. पेडल वाजते, पण चुकीच्या उंचीवर किंवा चुकीच्या वेळी वाजते, असे असेल तर दोष बहुतेक वेळा फेल्ट, स्प्रिंग, चुंबकाची जागा किंवा चौकट यांपैकी कुठेतरी असतो.

दोष नेमका कोणत्या क्षणी दिसतो यावरून बरेच कळते. पेडल सावकाश दाबताना सूर दोनदा लागत असेल, तर चाल कुठेतरी अडखळते आहे. जोरात दाबल्यावरच दोनदा लागत असेल, तर खालचा थांबा कडक झाला आहे आणि पेडल त्यावरून उसळते आहे. सोडल्यावर पुन्हा लागत असेल, जसे आपल्या एफचे होते, तर पेडल वरच्या थांब्यावर आपटून पुन्हा थोडे खाली येते आणि तेवढ्यानेही स्विच लागतो. म्हणजे तिथे दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत: वरचे फेल्ट निबर झाले आहे आणि सूर लागण्याची जागा (पेडल किती दाबल्यावर सूर लागतो ते) फार वर आहे. दोन्ही सुधारल्याशिवाय तो दोष पुरता जाणार नाही.

उजव्या टोकाच्या पेडलांबद्दल एक विचारतो. ती सगळी सारखीच उशिरा वाजतात, की वरच्या सी कडे जाताना उशीर वाढत जातो?

वसईचा_वादक

वाढत जातो. ए थोडासा उशिरा, बी त्याहून उशिरा, आणि वरचा सी जवळजवळ तळाला टेकल्यावर वाजतो.

सर्किट_पुणे

मग चार चुंबकांना हात लावू नका. उशीर क्रमाने वाढत असेल, तर सर्किट बोर्डाचे ते टोक खाली गेले आहे किंवा चौकटीला पीळ पडला आहे. बोर्ड ज्या स्क्रूंवर आणि उंचवट्यांवर बसतो त्यांतला शेवटचा तपासा. प्लॅस्टिकचा उंचवटा तडकलेला असण्याची शक्यता मोठी आहे. चौकट पाहण्यासाठी पेडलबोर्ड सपाट टेबलावर ठेवा आणि चारही कोपरे आळीपाळीने दाबून पाहा. चर्चच्या जुन्या फरशीवर एक कोपरा अधांतरी राहत असेल आणि वादकाच्या पायाचा भार रोज त्यावर पडत असेल, तर चौकट हळूहळू पिळते. अशा वेळी पायाखालच्या रबरी गुट्ट्यांपैकी एकीखाली चकती घालून चारही कोपरे टेकवावे लागतात, आणि बाकी सगळी जुळवणी त्यानंतरच करायची असते.

कामाचा क्रम माझ्या मते असा असावा. सर्वांत आधी चौकट आणि बोर्ड. मग पेडलांची विश्रांतीची उंची, म्हणजे वरच्या थांब्याचे फेल्ट. त्यानंतर पेडल किती खोल जाते ते, म्हणजे खालच्या थांब्याचे फेल्ट. त्यानंतर घर्षण आणि स्प्रिंग. आणि अगदी शेवटी सूर लागण्याची जागा, म्हणजे चुंबक आणि स्विच यांतले अंतर. हा क्रम उलटा केला, तर चुंबक कितीही काळजीपूर्वक जुळवले तरी फेल्ट बदलल्यावर ते सगळे पुन्हा करावे लागते, कारण फेल्टची जाडी बदलली की पेडलची विश्रांतीची उंची बदलते आणि तिच्यासोबत चुंबकाचे अंतरही बदलते.

पेटीदुरुस्ती_मिरज

नमस्कार वसईकर. मी पेट्या दुरुस्त करतो, त्यामुळे सर्किटबद्दल बोलणार नाही. पण फेल्ट, खाच आणि स्प्रिंग हे आमचे रोजचे काम आहे.

वरचे फेल्ट काढल्यावर ते उजेडात धरून पाहा. वापराने दबलेले फेल्ट सगळीकडून पातळ आणि कडक होते. कसर लागलेले फेल्ट मात्र जागोजागी खाल्लेले असते आणि कडांना भुकटी पडलेली दिसते. कसर असेल तर फक्त एफचे फेल्ट बदलून भागणार नाही. सगळेच बदलावे लागेल आणि जुने फेल्ट घराबाहेर टाकावे लागेल. डांबरगोळ्या आत ठेवण्याची पद्धत आहे, पण आपल्या पेडलबोर्डात प्लॅस्टिकचे भाग असल्यामुळे त्या आत ठेवू नयेत, कारण त्यांच्या वाफेने काही जातींचे प्लॅस्टिक मऊ पडते. कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडी पुरचुंडीत बांधून खोक्याबाहेर, झाकणाच्या कापडाखाली ठेवता येतो.

नवे फेल्ट लोकरीचे, दाबून बनवलेले घ्यावे. शाळेच्या हस्तकलेसाठी मिळणारे रंगीत फेल्ट कृत्रिम धाग्याचे असते. ते सुरुवातीला मऊ लागते, पण पायाचा भार सोसत नाही आणि लवकरच पुठ्ठ्यासारखे होते. जाडी मोजताना जुन्या फेल्टची दबलेली जागा मोजू नका. पेडल जिथे टेकत नाही अशी एखादी कोरी कड शिल्लक असते, ती मोजा. चिकटवताना सरस किंवा फेव्हिकॉल फक्त दोन टोकांना, पातळ थरात लावा. फेल्टच्या पूर्ण पाठीला चिकट द्रव्य लावले की ते आत मुरते आणि नवे फेल्टही पहिल्या दिवसापासून कडक वाजते. खडखडाटाचे हे एक मोठे कारण आहे आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

डी शार्पबद्दल. रेंगाळणारे पेडल दिसले की लोक लगेच स्प्रिंग कडक करतात. तसे करू नका. आधी घर्षण किती आहे ते मोजा. किराणा दुकानातली छोटी वजने घ्या आणि पेडलच्या टोकावर ठरलेल्या एकाच जागी ठेवत जा. पेडल अर्ध्या उंचीवर धरून सोडल्यावर किती वजनाला ते खाली जाऊ लागते, आणि तिथूनच वजन कमी करत गेल्यावर किती वजनाला ते पुन्हा वर येऊ लागते, हे दोन आकडे लिहून ठेवा. त्यांच्यातल्या फरकाचा निम्मा भाग म्हणजे घर्षण, आणि दोहोंची सरासरी म्हणजे स्प्रिंगचा खरा जोर. समजा, खाली जायला ११०० ग्रॅम लागले आणि वर येताना ७०० ग्रॅमला पेडल हलले, तर घर्षण २०० ग्रॅम आणि स्प्रिंगचा जोर ९०० ग्रॅम झाला. शेजारच्या पेडलाचेही असेच मोजा. जोर सारखा आणि घर्षण जास्त असेल तर दोष खाचेत आहे. घर्षण सारखे आणि जोर कमी असेल तरच पट्टीकडे वळा. दोन्ही वेळा पेडल एकाच उंचीवर असले पाहिजे, कारण पट्टी जसजशी वाकते तसतसा तिचा जोर वाढत जातो.

खाच घट्ट असेल तर फेल्ट कापू नये. पावसाळ्यात लोकर फुगते. गरम, म्हणजे हाताला सोसेल एवढ्याच गरम, चपट्या पट्टीने फेल्ट दोन्ही बाजूंनी दाबून घ्यावे आणि पेडल शेकडो वेळा हाताने खालीवर करून पाहावे. तेवढ्याने सहसा काम होते. खाचेत थोडी ग्राफाइटची पूड चोळली तर चाल आणखी सुकर होते.

सर्किट_पुणे

पेटीवाले काकांचे बाकी सर्व म्हणणे पटले आणि वजनांची पद्धत मीही आजपासून वापरणार आहे. परंतु ग्राफाइटबद्दल नम्रपणे विरोध नोंदवतो. पेटीत ग्राफाइट चालते, कारण तिथे वीज नाही. इथे खाचेच्या खालीच सर्किट बोर्ड आहे आणि ग्राफाइटची पूड वीजवाहक असते. ती बोर्डावर सांडली आणि दमट हवेत तिथेच बसली, तर बोर्डावरच्या विजेच्या दोन वाटांमध्ये गळती सुरू होऊन न दाबलेले सूर लागू शकतात, आणि मग खरोखरच बोर्डाची दुरुस्ती निघते. लाकडी पेडल असेल तर पांढरे मेण, प्लॅस्टिक किंवा धातूचे असेल तर टेफ्लॉनचे कोरडे वंगण पुरेसे आहे. तेही पेडल बाहेर काढून लावावे, जागेवर फवारू नये.

पेटीदुरुस्ती_मिरज

मान्य आहे. आपण म्हणता तो धोका पेटीत नसतो. मेणच वापरावे.

सासष्टीकर

मडगावहून लिहितो. समुद्राजवळच्या हवेबद्दल काही भर घालावीशी वाटते, कारण वसई आणि सासष्टी यांची हवा या बाबतीत सारखीच त्रासदायक आहे.

पोलादी पट्टीवर गंज आला असेल तर तो कुठे आहे ते महत्त्वाचे असते. मधल्या सपाट भागावरचा पातळ तांबूस थर फारसा घातक नाही. पट्टी जिथे चौकटीत आवळलेली असते त्या रेषेवरचा गंज मात्र घातक असतो, कारण वाकण्याचा सगळा ताण तिथे येतो आणि गंजाच्या खड्ड्यापासूनच चीर सुरू होते. तिथे नखाला खड्डा जाणवला तर पट्टी बदलावी. पॉलिश पेपरने घासून ती पातळ केली तर तिचा जोर कमी होतो आणि ते पेडल शेजारच्यांपेक्षा हलके लागू लागते. साफ केलेल्या पट्टीला पातळ तेलाचा बोट फिरवण्यापुरता थर द्यावा. शिलाई मशीनचे तेल चालते. खोबरेल तेल वापरू नये. थंडीत ते थिजते आणि जुने झाल्यावर त्याचा चिकट राप बसतो. गंज सैल करणाऱ्या फवाऱ्याचाही फेल्टशी संबंध येऊ देऊ नये, कारण फेल्ट तो शोषून घेते आणि मग त्यावर धूळ घट्ट बसते.

चुंबक कोणत्या जातीचे आहेत तेही पाहा. काळे, मातकट दिसणारे फेराइटचे चुंबक गंजत नाहीत, मात्र ठिसूळ असतात. चकचकीत निओडिमियमच्या चुंबकांवर निकेलचा मुलामा असतो आणि त्याचा टवका उडाला की खाऱ्या हवेत आतला भाग फुगून भुगा होऊ लागतो. असा चुंबक अशक्त होतोच, शिवाय त्याचा भुगा स्विचजवळ साचतो.

आमच्याकडे पेडलबोर्ड वापरात नसताना सुती कापडाने झाकतात. प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली ओल कोंडते. जुन्या पद्धतीप्रमाणे आत झिरोचा बल्ब लावून ठेवणारे आहेत, पण फेल्ट आणि लाकूड एवढ्या जवळ असताना कोणी लक्ष द्यायला नसलेल्या बंद चर्चमध्ये रात्रभर बल्ब ठेवणे मला योग्य वाटत नाही. सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी तापवून पुन्हा कोरड्या करणे अधिक सुरक्षित आहे.

एक साधी गोष्ट राहिली. वादक अनवाणी वाजवत असतील तर घामातले मीठ पेडलांवर उतरते, आणि चपला-बुटांनी वाजवत असतील तर वाळू आत जाते. वाजवण्यासाठी स्वतंत्र, पातळ चामडी तळव्याचे बूट ठेवावेत आणि ते घालून बाहेर जाऊ नये. वाजवून झाल्यावर पेडले कोरड्या कापडाने पुसायला फार वेळ लागत नाही.

लंडनचा_ऑर्गनवादक

नमस्कार. इथे मी चर्चमध्ये बत्तीस पेडलांच्या ऑर्गनवर सराव करतो आणि घरी तेरा पेडलांचा छोटा पेडलबोर्ड आहे, म्हणून दोहोंतला एक फरक सांगतो. तो जुळवणीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

पूर्ण आकाराच्या पेडलबोर्डात पेडलांची बिजागरी वादकाच्या टाचेकडे, बाकाखाली असते आणि सर्वांत जास्त हालचाल पायाच्या बोटांकडच्या टोकाला होते. त्यामुळे टाचेने वाजवलेला सूर नेहमी थोडा जड लागतो. तेरा पेडलांच्या छोट्या पेडलबोर्डात याच्या उलट असते. बिजागरी समोरच्या खोक्यात असते आणि मोकळे टोक वादकाकडे येते. काळी पेडले आखूड असल्यामुळे आपण ती बिजागरीच्या अधिक जवळ दाबतो, आणि पट्ट्या सगळ्या एकसारख्या असल्या तरी काळी पेडले पांढऱ्यांपेक्षा जड लागतात. हा दोष नव्हे. वसईकरांनी डी शार्पचे वजन मोजताना त्याची तुलना सी शार्प आणि एफ शार्प यांच्याशीच करावी, डी किंवा ई शी करू नये.

सूर लागण्याच्या जागेबद्दल माझे मत असे की ती पेडलच्या एकूण चालीच्या मध्यावर किंवा किंचित खाली असावी. फार वर ठेवली तर शेजारच्या पेडलाला पाय नुसता घासला तरी सूर लागतो, आणि पायाने पेडल चाचपून शोधण्याची सोयच राहत नाही.

सर्किट_पुणे

लंडनकर, चाचपण्याचा मुद्दा योग्य आहे, पण मी जागा मध्यापेक्षा थोडी वर ठेवण्याच्या बाजूचा आहे. खालचा सी आठ फुटी स्वरात सुमारे ६५.४ हर्ट्झ आणि सोळा फुटी स्वरात, म्हणजे त्याहून एक सप्तक खाली, ३२.७ हर्ट्झ असतो (ही नावे ऑर्गनच्या नळीच्या लांबीवरून आली आहेत). ३२.७ हर्ट्झच्या एका कंपनालाच सुमारे ३० मिलिसेकंद लागतात आणि सूर ओळखू येण्यासाठी कानाला अशी काही कंपने मिळावी लागतात. त्यात मोठ्या नळीच्या ऑर्गनचे ध्वनिमुद्रित नमुने वापरले असतील तर ते मुळातच सावकाश बोलतात. स्विचही खोलवर लागत असेल, तर खर्ज कायम मागे पडल्यासारखा वाटतो आणि वादक नकळत पाय लवकर टाकू लागतो.

लंडनचा_ऑर्गनवादक

सावकाश बोलणाऱ्या आवाजांसाठी ते मान्य करतो. बेस गिटारचा ठसठशीत आवाज लावला असेल तर मध्यावरच ठेवावे, कारण तिथे चुकून लागलेला प्रत्येक सूर उघडा पडतो. वसईकरांनी आपण कोणता आवाज अधिक वापरतो ते पाहून ठरवावे.

वसईचा_वादक

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही बहुतेक गीतांना ऑर्गनचा सोळा फुटी आवाज वापरतो.

उघडून पाहिले, तेव्हा उजव्या टोकाचा बोर्डाचा उंचवटा खरोखर तडकलेला निघाला आणि बोर्ड तिथे जवळपास ३ मिमी खाली बसला होता. पितळेची नळी कापून नवा आधार दिला, तेवढ्यावर चारही पेडले ठीक वाजू लागली. वरच्या फेल्टला कसर लागली होती, म्हणून सगळे बदलले. डी शार्पच्या खाचेत घर्षण शेजारच्या काळ्या पेडलांच्या दुपटीहून अधिक होते. फेल्ट काढल्यावर त्याखाली वाळूचे कण अडकलेले दिसले. स्प्रिंगचा जोर मात्र इतरांइतकाच होता.

आता सूर लागण्याची जागा जुळवायची आहे. पांढऱ्या पेडलाचे टोक एकूण १६ मिमी खाली जाते. मल्टीमीटरची (वीज मोजण्याच्या उपकरणाची) शिटी, जी स्विच जुळला की वाजते, लावून पाहिले, तर एफचा स्विच ३ मिमीवरच लागतो, बाकीच्यांचा ५ ते ९ मिमीच्या दरम्यान. किती ठेवावा, आणि चुंबक हलवावा की स्विच?

सर्किट_पुणे

उत्तम काम केलेत. शक्य असेल तर चुंबक हलवा, स्विच हलवू नका. रीड स्विचच्या तारा काचेच्या अगदी जवळून वाकवल्या की काचेला केसाएवढी चीर जाते, आतला वायू निघून जातो, आणि स्विच काही महिने चालून मग बेभरवशाचा होतो. तार वाकवावीच लागली तर काच आणि वाकवण्याची जागा यांच्यामध्ये चिमट्याने तार घट्ट धरून, काचेपासून निदान ३ मिमी दूर वाकवावी.

चुंबक पेडलच्या मध्यावर आहे, म्हणून टोक १६ मिमी जाते तेव्हा चुंबक साधारण ८ मिमीच जातो. याचा अर्थ असा की चुंबक १ मिमी वर घेतला तर टोकाशी सूर लागण्याची जागा सुमारे २ मिमी खाली जाईल. चुंबक आणि पेडल यांच्यामध्ये पोस्टकार्डाच्या जाडीच्या कागदी चकत्या घालत किंवा काढत जाणे सोपे पडते.

स्विच लागण्याची आणि सुटण्याची जागा एकच नसते हेही लक्षात ठेवा. चुंबक जवळ येताना ज्या अंतरावर पाती जुळतात, त्याहून जास्त अंतर झाल्यावरच ती सुटतात. म्हणून प्रत्येक पेडलाचे दोन आकडे घ्या. पेडलखाली पातळ पुठ्ठ्यांची थप्पी ठेवून एकेक पुठ्ठा काढत गेलात की शिटी कोणत्या उंचीला सुरू होते ते कळते, आणि पुठ्ठे पुन्हा घालत गेलात की कोणत्या उंचीला थांबते ते कळते. आपल्या १६ मिमीच्या चालीसाठी लागण्याची जागा ६ ते ७ मिमी आणि सुटण्याची ३ ते ४ मिमी अशी ठेवावी असे माझे मत आहे. सुटण्याची जागा वरच्या थांब्याच्या फार जवळ गेली, तर पुढच्या पावसाळ्यात फेल्ट फुगल्यावर पेडल पूर्ण वर आले तरी स्विच सुटणार नाही आणि सूर अडकून राहील. तसा तो कधी अडकलाच, तर मिडीचा १२३ क्रमांकाचा संदेश पाठवून सगळे सूर बंद करता येतात. बऱ्याच कीबोर्डांवर त्यासाठी स्वतंत्र बटण असते.

चुंबकाजवळ लोखंडी स्क्रू किंवा पट्टी आणू नका, कारण लोखंड चुंबकाचे क्षेत्र स्वतःकडे ओढून घेते आणि सगळी अंतरे बदलतात. तडकलेल्या उंचवट्याच्या जागी आपण पितळ वापरलेत ते फार बरे केले. बेसचा स्पीकर पेडलबोर्डाला चिकटून ठेवत असाल तर तोही दूर सरकवा. त्याच्या मोठ्या चुंबकामुळे कडेच्या एकदोन स्विचांचे आकडे सरकू शकतात. म्हणूनच शेवटची मोजणी पेडलबोर्ड आणि स्पीकर नेहमीच्या जागी असतानाच करावी.

नाशिकचा_विद्यार्थी

या निमित्ताने एक विचारतो. माझ्याकडे जुन्या इलेक्ट्रॉनिक ऑर्गनचा पेडलबोर्ड आहे. त्यात रीड स्विच नाहीत. उघड्या तारांचे संपर्क आहेत आणि ते काळे पडले आहेत. काही सूर कर्कश तडतडून लागतात. शिवाय दुसऱ्या एका पेडलबोर्डात रबराच्या टोप्या आहेत आणि त्यात जोरानुसार आवाज कमीजास्त होतो. त्यातले एकच पेडल नेहमी फार मोठ्याने वाजते.

सासष्टीकर

उघड्या संपर्कांवरचा काळा थर पॉलिश पेपरने काढू नका. मुलामा पातळ असतो आणि एकदा गेला की संपर्क कायमचा खराब होतो. साध्या, गुळगुळीत कागदाची अरुंद पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून संपर्काच्या मध्ये धरा, पेडल हलके दाबा आणि पट्टी ओढून घ्या. कागदावर काळी रेघ उमटायची थांबेपर्यंत पट्ट्या बदलत राहा. सिलिकॉनचा फवारा तिथे कधीही मारू नका; त्याचा थर संपर्काच्या जागी विजेला अडवतो.

सर्किट_पुणे

रबराच्या टोप्यांच्या प्रकारात प्रत्येक पेडलाखाली दोन संपर्क असतात, एक आधी लागणारा आणि एक नंतर. दोहोंमधला वेळ मोजून जोर ठरवला जातो. वेळ कमी म्हणजे आवाज मोठा. आपल्या पेडलाचा पहिला संपर्क मळामुळे उशिरा लागत असेल, तर दुसरा त्याच्या मागोमाग लागतो आणि यंत्राला ते जोरात दाबल्यासारखे वाटते. रबराची पट्टी काढून तिच्या आतल्या काळ्या कार्बनच्या गोळ्या आणि बोर्डावरचे कार्बनचे ठिपके कापसाने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलके पुसा. खोडरबराने घासू नका, ठिपके निघून जातात. पट्टी परत बसवताना तिची प्रत्येक खुंटी भोकात पूर्ण गेली आहे ना ते पाहा, कारण एक खुंटी वर राहिली तरी दोन संपर्कांमधले अंतर बदलते. खर्जासाठी जोरानुसार बदलणारा आवाज नको असेल, तर सेटिंगमध्ये जोर कायमचा ठरावीक करता येतो, पण ती सोय साफसफाईऐवजी वापरू नये. पहिला संपर्क बिघडत गेला तर शेवटी सूर लागणेच बंद होईल.

वसईचा_वादक

एफचे पेडल आता ६.५ मिमीवर लागते आणि ४ मिमीवर सुटते. सोडल्यावर पुन्हा वाजणे पूर्ण थांबले. बाकीची पेडले अर्ध्या मिमीच्या फरकात आणली, फक्त जी शार्प राहिला आहे. त्याची लागण्याची आणि सुटण्याची जागा यांत टोकाशी जेमतेम १ मिमीचे अंतर आहे, आणि चुंबक कितीही सरकवला तरी ते तेवढेच राहते. पेडल सावकाश दाबले की सूर थरथरतो.

सर्किट_पुणे

मग तो स्विचच बदला. लागणे आणि सुटणे यांतले अंतर मुख्यतः स्विचच्या घडणीवर ठरते, आणि इतरांपेक्षा एकच स्विच एवढा वेगळा असेल तर तो जुळवणीने सुधारणार नाही. नवा घेताना काचेची लांबी आणि लागण्यासाठी लागणारे चुंबकीय बळ, जे अँपिअर-टर्नमध्ये दिलेले असते, ही दोन्ही शक्य तितकी जुन्याशी जुळती घ्या. अधिक संवेदनशील स्विच घेतलात तर त्याच्यावर शेजारच्या जी आणि ए च्या चुंबकांचाही परिणाम होऊ शकतो. काच बोर्डाला टेकू न देता पूर्वीच्याच उंचीवर ठेवा, डाग देताना काच आणि डाग यांच्या मध्ये तार चिमट्याने धरा म्हणजे उष्णता काचेपर्यंत जाणार नाही, आणि बोर्ड गार झाल्यावर जी शार्पसोबत जी आणि ए यांचेही दोन्ही आकडे पुन्हा मोजा.